दुसऱ्याचा त्याग

मनुष्याच्या सद्गुणांत त्यागाला आपल्याकडे जेवढे उच्च स्थान मिळाले आहे, तेवढे दुसऱ्या कोणत्या गुणाला क्वचितच मिळाले असेल. थोरल्या भावाने धाकट्या भावंडांसाठी आपले शिक्षण सोडले, आईने मुलाच्या फीसाठी अंगावरचे दागिने मोडले, सैनिकाने देशासाठी देह ठेवला, म्हणजे आपण त्यास त्याग म्हणतो. आणि तो शब्द उच्चारताना आपली मान आपोआप लवते. परंतु ह्या शब्दाचा आणखी एक प्रयोग गेल्या कित्येक वर्षांत रूढ झाला आहे, आणि तो तितकासा निर्दोष आहे असे आम्हांस वाटत नाही. ज्यांची शेते सरकारी कामासाठी गेली, ज्यांची घरे आणि देवळे पाण्याखाली किंवा तारेच्या कुंपणाआड गेली, त्यांनी 'देशासाठी मोठा त्याग केला' असे समारंभांतून सांगण्यात येते. सांगणारा बहुधा दुसराच असतो. ज्याचे गेले तो त्या समारंभास हजर असलाच, तर मागच्या रांगेत असतो. तेव्हा प्रश्न असा उत्पन्न होतो की, त्याग हा एकाच्या वतीने दुसऱ्यास करता येतो काय? आणि येत नसेल, तर जे घडते त्यास आपण कोणते नाव द्यावे, आणि त्यापासून आपल्यावर कोणते कर्तव्य येऊन पडते?

ह्या प्रश्नाचा विचार आम्ही आरमार व हवाई दल ह्यांच्या बेटांवरील संयुक्त तळांच्या निमित्ताने करणार आहो. मोर्शीसारख्या गावी बसून महासागरांतील तळांची चर्चा करणे कोणास विचित्र वाटण्याचा संभव आहे. येथून समुद्र पाचशे किलोमीटरांहून अधिक दूर. येथे पाणी म्हणजे वर्धा नदीचे, आणि बागा म्हणजे संत्र्यांच्या. तथापि नीतीचा प्रश्न भूगोल पाहून उत्पन्न होत नाही. शिवाय बेट हे ह्या प्रश्नाच्या अभ्यासास फार सोयीचे स्थळ आहे. मुख्य भूमीवर ज्याची जमीन जाते तो चार कोस पलीकडे सरकतो, आणि त्याचे दुःख गर्दीत मिसळून दिसेनासे होते. बेटावर सरकण्यास जागा नसते. तेथे देणाराही दिसतो आणि घेणाराही दिसतो.

प्रथम प्रशांत महासागराकडे पाहू. हवाई बेटांतील ओआहू ह्या बेटावर पर्ल हार्बर नावाचे प्रसिद्ध बंदर आहे. तेथील मूळचे लोक त्यास 'वाई मोमी', म्हणजे मोत्यांचे पाणी, असे म्हणत. त्याच्या उथळ काठांवर त्यांनी मासे वाढविण्याची तळी बांधलेली होती. १८८७ साली हवाईच्या राजाबरोबर झालेल्या करारान्वये ह्या बंदराच्या वापराचा अनन्य हक्क अमेरिकेस मिळाला. १८९३ च्या जानेवारीत अमेरिकन आरमाराच्या तुकडीची हजेरी पाठीशी असता राणी लिलिउओकलानी पदच्युत झाली, आणि १८९८ साली ती बेटे अमेरिकेने आपल्या राज्यास जोडली. पुढे बंदरालगत हिकम हा विमानतळ झाला. ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने ह्या दोन्ही ठिकाणांवर एकाच सकाळी हल्ला चढविला व त्यात २,४०० हून अधिक माणसे मृत्यू पावली. त्यानंतर जवळ जवळ तीन वर्षे, १९४४ च्या ऑक्टोबरपर्यंत, त्या बेटांवर लष्करी कायदा चालू होता. आरमाराचा तळ व हवाई दलाचा तळ २०१० साली एकाच व्यवस्थेखाली आणण्यात आले, आणि त्या जोड तळास 'पर्ल हार्बर–हिकम' हे संयुक्त नाव मिळाले.

ह्या तळाचा उपयोग झाला नाही असे कोणीही समंजस मनुष्य म्हणणार नाही. जपानच्या साम्राज्याचा जो पराभव झाला त्याची सूत्रे बऱ्याच अंशी ह्या बंदरातूनच हलली. परंतु जमाखर्चाची दुसरी बाजू पाहावयास हवी. काहोओलावे नावाचे एक संपूर्ण बेट १९४१ नंतर तोफांच्या व बाँबच्या सरावासाठी घेण्यात आले. तो भडिमार १९९० साली थांबला, आणि बेट १९९४ साली हवाई राज्याच्या स्वाधीन झाले. त्याच्या काही भागात न फुटलेले बाँब तसेच राहून गेले. मोठ्या बेटावरील पोहाकुलोआ येथे सुमारे २३ हजार एकर सार्वजनिक जमीन १९६४ साली सैन्यास ६५ वर्षांच्या मुदतीने देण्यात आली. तिचा मोबदला होता एक डॉलर. १९९३ साली, म्हणजे राणीच्या पदच्युतीनंतर शंभर वर्षांनी, अमेरिकेच्या विधिमंडळाने हवाईच्या मूळ लोकांची ठरावाने क्षमा मागितली. मात्र ह्या ठरावाने कोणत्याही हक्काचा निवाडा झाला असे समजू नये, अशी पुस्तीही त्याच ठरावास जोडली. क्षमा मागावयाची, पण घेतलेल्या वस्तूसंबंधी काही बोलावयाचे नाही, हा प्रकार व्यवहारात आपण ज्यास साळसूदपणा म्हणतो त्याहून फारसा निराळा नाही.

ह्या तळाच्या इतिहासातील सर्वांत बोधप्रद गोष्ट मात्र अगदी अलीकडची आहे. रेड हिल नावाच्या टेकडीच्या पोटात दुसऱ्या महायुद्धाच्या काळी इंधनाच्या २० प्रचंड टाक्या खोदून बसविलेल्या होत्या. शत्रूच्या विमानांपासून इंधन सुरक्षित राहावे हा त्यामागील हेतू. ह्या टाक्यांच्या खाली सुमारे १०० फुटांवर ओआहू बेटाचे पिण्याच्या गोड्या पाण्याचे मुख्य भांडार आहे. गळतीची भीती स्थानिक लोक व पाणीपुरवठ्याचे अधिकारी वर्षानुवर्षे बोलून दाखवीत होते. २०२१ च्या नोव्हेंबरात ती भीती खरी ठरली. इंधन विहिरीत उतरले, नळांतून त्याचा वास येऊ लागला, आणि हजारो माणसे आजारी पडली. त्यांत मोठा भरणा होता तो तळावरच राहणाऱ्या सैनिकांच्या बायकामुलांचा. २०२२ च्या मार्चमध्ये त्या टाक्या कायमच्या बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. संरक्षणासाठी जे साधन उभारले त्यानेच रक्षण करणाऱ्यांच्या मुलांच्या पेल्यात विष ओतले. ज्या भूमीवर आपण उभे आहो तिच्या माणसांचे म्हणणे ऐकावयाचे नाही असे एकदा ठरले, म्हणजे त्या न ऐकण्याचे फळ कोणाच्या पदरी पडेल हे सांगता येत नाही.

आता कोणी म्हणेल की, ही परक्या राष्ट्राची कथा. एका साम्राज्याने दुसऱ्याचे राज्य गिळले, त्यापासून आपण काय शिकावयाचे? म्हणून घरच्या बेटांकडे वळू. अंदमान–निकोबार हा द्वीपसमूह मराठी माणसाच्या मनात काळ्या पाण्याच्या व सेल्युलर जेलच्या आठवणीने कोरलेला आहे. तेथे ८ ऑक्टोबर २००१ रोजी भूदल, आरमार व हवाई दल ह्या तिन्ही दलांचे एकत्र अधिपत्य स्थापन झाले. अशा प्रकारची ही आपल्या देशातील पहिलीच योजना. त्याचे मुख्य ठाणे पोर्ट ब्लेअर येथे. ह्या शहराचे नाव २०२४ साली श्रीविजयपुरम असे ठेवण्यात आले. कार निकोबार बेटावर हवाई दलाचा तळ आहे. २६ डिसेंबर २००४ रोजी आलेल्या समुद्राच्या प्रलयंकर लाटांनी तो उद्ध्वस्त केला, व दलातील आणि त्यांच्या कुटुंबांतील शंभराहून अधिक माणसे त्यात गेली. तळ तेथेच पुन्हा उभारण्यात आला. सर्वांत दक्षिणेच्या ग्रेट निकोबार बेटावर, कॅम्पबेल बे येथे, ३१ जुलै २०१२ रोजी 'बाझ' हा आरमाराचा वैमानिक तळ सुरू झाला. तेथून सुमात्रा बेट फार दूर नाही, आणि मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे जाणाऱ्या जगातील असंख्य व्यापारी जहाजांचा मार्ग जवळूनच जातो. एवढे महत्त्वाचे स्थान कोणतेही शहाणे राष्ट्र मोकळे टाकणार नाही.

ह्या बेटाशी मराठी माणसाचा संबंध केवळ नकाशापुरता नाही. १९६९ पासून पुढील काही वर्षांत सरकारने तेथे निवृत्त सैनिकांची सुमारे ३३० कुटुंबे वसविली. पंजाबी, मलयाळी, तमिळ, तेलुगू अशा कुटुंबांबरोबर त्यांत मराठी कुटुंबेही होती. देशाच्या टोकावरील ओसाड समजली गेलेली भूमी आबाद करावी व तिचे राखणदार व्हावे, ह्या अपेक्षेने त्यांना तेथे नेण्यात आले. घनदाट अरण्य, पाऊस, हिवताप, आणि मुलखापासून शेकडो कोसांचे समुद्राचे अंतर, अशा स्थितीत त्यांनी नारळ–सुपारीच्या बागा उभ्या केल्या. २००४ च्या लाटांत त्यांचीही हानी झाली. ह्या लोकांच्या कष्टांस त्याग हे नाव शोभते; कारण ते त्यांनी स्वतः पत्करलेले होते.

परंतु ती भूमी ओसाड नव्हती. तेथे निकोबारी लोकांच्या वस्त्या होत्या, व अरण्याच्या आत शोंपेन नावाचे लोक होते. २०११ च्या जनगणनेत शोंपेनांची संख्या २२९ भरली. ह्या आदिवासींच्या संरक्षणार्थ १९५६ साली खास नियम करण्यात आले. किनाऱ्यावरील निकोबारी २००४ च्या प्रलयातून वाचले तेव्हा त्यांना सरकारी छावण्यांत आणण्यात आले, आणि आपल्या वाडवडिलांच्या गावी परत जाऊ द्यावे अशी त्यांची मागणी पुढे वर्षानुवर्षे चालू राहिली. पुढे ह्याच बेटावर मोठे बंदर, नागरी व सैनिकी अशा दोन्ही उपयोगांचा विमानतळ, वीजकेंद्र व नवे शहर उभारण्याची योजना निघाली. तिच्यासाठी सुमारे १६६ चौरस किलोमीटर जागा ठरली, व त्यांपैकी सुमारे १३० चौरस किलोमीटर अरण्य होते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये तेथील आदिवासी परिषदेने योजनेस ना-हरकत दिली; नोव्हेंबरात, आपणांस पुरी माहिती देण्यात आली नव्हती असे सांगून, तीच परिषद ती संमती परत घेती झाली. त्याच महिन्यात योजनेस पर्यावरणविषयक मंजुरी मिळाली.

येथे आम्ही योजनेच्या आर्थिक गुणदोषांत शिरत नाही. आमचा प्रश्न नीतीचा आहे, आणि त्याच्या विरुद्ध पक्षाची बाजूही तितक्याच गंभीरपणे ऐकली पाहिजे. तो पक्ष म्हणतो: बेट अरक्षित ठेवले म्हणजे बेटकरी सुखी राहतो हा भ्रम आहे. १९४२ च्या मार्चमध्ये जपानी सैन्य अंदमानात उतरले, आणि १९४५ पर्यंत तेथील लोकांनी जे भोगले त्यास सीमा नव्हती. १९४४ च्या जानेवारीत हमफ्रीगंज येथे ४४ निरपराध माणसांस गोळ्या घालण्यात आल्या. दुर्बळाच्या भूमीवर कोणी तरी पाय ठेवणारच. मग तो आपला असलेला काय वाईट? शिवाय कोट्यवधींच्या रक्षणापुढे दोनचारशे लोकांची गैरसोय किती मोजावयाची? आपल्या प्राचीनांनीच सांगून ठेवले आहे की, कुळासाठी एकाला, गावासाठी कुळाला आणि देशासाठी गावाला सोडावे.

ह्यांतील पहिला मुद्दा आम्ही मान्य करतो. तळ असावा, तो बळकट असावा, ह्याबद्दल आमचे दुमत नाही. परंतु दुसऱ्याने येऊन जुलूम केला असता, एवढ्यावरून आपण केलेल्या गोष्टीचा हिशेब द्यावा लागत नाही असे ठरत नाही. चोरापासून शेजाऱ्याचे घर राखले म्हणून त्याच्या ओसरीवर मालकी सांगता येत नाही. रक्षण हे ज्याचे करावयाचे त्याच्याच अंगणात उभे राहून करावयाचे असेल, तर त्याची परवानगी विचारणे अधिकच अगत्याचे होते.

दुसऱ्या मुद्द्याबद्दल, म्हणजे त्या प्राचीन वचनाबद्दल, मात्र थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे. कारण त्याचा जितका उपयोग करण्यात येतो तितका त्याचा संदर्भ ध्यानात घेतला जात नाही. महाभारतात हे वचन विदुराच्या तोंडी आहे. दुर्योधन जन्मला तेव्हा अपशकुन झाले, आणि विदुराने धृतराष्ट्रास सांगितले की ह्या मुलाचा त्याग कर. म्हणजे ऐकणारा कोण? राजा. आणि सोडावयाचे काय? स्वतःचा पुत्र. गावकऱ्याचे शेत किंवा वनवासी निषादाची झोपडी सोडण्याची गोष्ट तेथे नव्हती. सत्ता ज्याच्या हाती त्याने आपल्या सर्वांत प्रिय वस्तूवर पाणी सोडावे, असा तो उपदेश होता. धृतराष्ट्राने तो मानला नाही. आणि ज्याने आपला एक पुत्र सोडला नाही, त्याच्यापायी पुढे कुरुक्षेत्रावर सहस्रावधी लोकांचे पुत्र गेले. ह्या वचनाचा चौथा चरण तर बहुतेक वक्ते गाळतातच. त्याचा आशय असा की, आत्म्यासाठी सारी पृथ्वीही सोडावी. म्हणजे देश ही त्या मालिकेतील शेवटची पायरी नव्हे. देशाच्याही वर एक वस्तू आहे, तिला आत्मा म्हणा, सदसद्विवेक म्हणा. तिचा बळी देऊन राखलेली पृथ्वी राखण्याजोगी उरत नाही.

येथे आपण मूळ प्रश्नाशी येऊन पोहोचतो. त्याग ह्या क्रियेचा कर्ता व ज्याचे जाते तो, हे दोघे एकच असावे लागतात. 'मी सोडले' असे म्हणता येते. 'त्याने सोडले' असे, त्याने तसे सांगितल्यावर, म्हणता येते. परंतु 'आम्ही त्याचे सोडले' ह्या वाक्यास अर्थच नाही. त्याचे आपण घेतले, एवढेच खरे. आणि घेणे हे प्रत्येक वेळी पाप असते असेही नाही. राज्य चालवावयाचे म्हणजे काही प्रसंगी घ्यावे लागतेच. परंतु घेतल्यावर त्यास त्याग म्हणणे हा दुसरा अपराध होय. कारण त्यामुळे ज्याचे गेले त्याच्यापासून त्याची तक्रारही आपण काढून घेतो. त्याग करणाऱ्याने तक्रार करावयाची नसते ना! ज्यास आपण त्यागी ठरविले तो मोबदला मागू लागला, की आपणच त्यास लोभी ठरविण्यास मोकळे होतो.

ह्यावर असे उत्तर येईल की, मोबदला तर दिलाच जातो. हे अंशतः खरे आहे. परंतु किंमत हा शब्द तेथेच लागू पडतो, जेथे विकणाऱ्यास 'नाही' म्हणता येते. १८९४ चा भूसंपादनाचा कायदा ह्या देशात २०१३ च्या अखेरपर्यंत चालू होता, आणि त्यात रक्कम कमी वाटली तर न्यायालयात जाण्याची सोय होती. पण सार्वजनिक कारण एकदा ठरले म्हणजे 'नाही' म्हणण्याची सोय जवळ जवळ नव्हतीच. २०१३ च्या नव्या कायद्याने काही प्रकारच्या कामांसाठी बाधितांच्या बहुमताची संमती आवश्यक केली हे मोठेच पाऊल होय. तथापि संरक्षणाच्या निकडीच्या कामांस त्यातही निराळी वाट ठेवलेली आहे. ती वाट असावी हे आम्हांस समजते. परंतु ज्या अर्थी ती वाट विचारण्यावाचून जाते, त्या अर्थी तिच्यावरून जाणाऱ्याचे ऋण इतरांहून अधिक असले पाहिजे.

मोबदल्याविषयी आणखी एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. मोबदला एकदा मिळतो, फळ दरवर्षी मिळते. बंदर शंभर वर्षे जहाजांस आश्रय देते, धरण शंभर पावसाळ्यांचे पाणी साठविते. पण ज्याची जमीन गेली त्यास एका दिवशी एक रक्कम मिळते, आणि ती लग्नकार्यात, आजारात, घर बांधण्यात दहा वर्षांत सरते. त्याचा नातू त्याच पाण्याच्या काठी मजुरी करीत असतो, व त्या पाण्यावर त्याचा काडीचाही हक्क नसतो. ज्या वस्तूचे फळ वर्षानुवर्षे घ्यावयाचे, तिचा हिशेब एका दिवसात मिटविणे ह्यास व्यापारीही सचोटी म्हणणार नाही. पोहाकुलोआचा एक डॉलर हे त्या अप्रामाणिकपणाचे केवळ ठळक उदाहरण आहे. पुष्कळ ठिकाणी रक्कम मोठी असते, पण जात तीच.

वाचक विचारतील, प्रत्येकाची संमती मिळेपर्यंत थांबावयाचे म्हटले तर एक तरी रस्ता, एक तरी तळ होईल काय? होणार नाही हे आम्हीही जाणतो. म्हणून प्रत्येकाच्या संमतीचा आग्रह आम्ही धरीत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, विचारणे हे खरे विचारणे असावे. ज्याच्या 'नाही'ने आराखड्यातील एक रेषाही बदलत नाही, त्यास विचारणे म्हणजे केवळ निरोप देणे होय. निकोबारच्या परिषदेने संमती परत घेतली, त्या क्षणी तिची संमती कधी काळी होती किंवा नव्हती हा वाद गौण झाला. परत घेता येत नाही ती संमतीच नव्हे. आणि शोंपेनांविषयी काय म्हणावे? बाहेरच्यांशी शक्य तितका थोडा संबंध ठेवून ते अरण्यात राहात आले आहेत. त्यांच्यापुढे कोणता कागद ठेवावा आणि कोणत्या भाषेत? जो विचारणाऱ्यापासूनच दूर सरतो, त्याचे ते दूर सरणे हेच त्याचे उत्तर समजावे, असे आमचे मत आहे. त्यास अडाणीपणा म्हणणे सोपे आहे. परंतु बाहेरच्या जगाने हवाईचे काय केले हे वाचल्यावर त्यात शहाणपण नाही असे कोण म्हणेल?

दुसरी कसोटी अशी की, ज्याचे घेतले त्याचा त्या फळावर पहिला हक्क असावा. उरले तर शेवटचा, असे नव्हे. आणि तिसरी कसोटी, जी आम्ही सर्वांत महत्त्वाची मानतो, ती अशी की, निर्णय घेणाऱ्याने आपल्या स्वतःच्या घराविषयी तोच न्याय मान्य केला असता काय, हे त्याने एकांतात स्वतःस विचारावे. विदुराचे वचन नेमके हेच विचारीत होते.

आता हा सारा विचार आमच्या गावाच्या शिवेपाशी आणून ठेवणे प्राप्त आहे. कारण दूरच्या अन्यायाविषयी हळहळणे फार स्वस्त असते. मोर्शीजवळ सिंभोरा येथे वर्धा नदीवर ऊर्ध्व वर्धा धरण आहे. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात ते पूर्ण झाले, आणि त्याच्या जलाशयास नल-दमयंती सागर असे सुंदर नाव देण्यात आले. पावसाळ्यात त्याचे तेरा दरवाजे उघडतात तेव्हा आसपासचे लोक मुलाबाळांसह ते पाहावयास जातात. अमरावती शहर हे पाणी पिते. शेतांस ते मिळते. नांदगाव पेठ येथील औष्णिक वीजकेंद्रासही ते जाते. आणि ज्यांच्या जमिनी त्या पाण्याखाली गेल्या, ते शेतकरी योग्य मोबदला, पर्यायी जमीन व मुलांस नोकरी मागत २०२३ साली मोर्शी येथे कित्येक दिवस बसले, आणि त्या वर्षीच्या २९ ऑगस्टला मुंबईस मंत्रालयात जाऊन त्यांनी तेथल्या संरक्षक जाळीवर उड्या घेतल्या. धरण होऊन पाव शतक लोटल्यावर ही गोष्ट घडली. ज्यांचा हिशेब मिटला असे सर्वांनी धरून चालले होते, त्यांच्या लेखी तो मिटलेला नव्हता.

ही वर्धा तशीच खाली पुलगावाकडे जाते. तेथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून सैन्याचे दारूगोळ्याचे मोठे भांडार आहे. ३१ मे २०१६ रोजी त्यास आग लागली. ती विझविण्यास धावलेले अनेक जण प्राणास मुकले, आणि भोवतालच्या खेड्यांतील माणसे रात्री घरे सोडून पळाली. म्हणजे वऱ्हाड समुद्रापासून कितीही दूर असो, साऱ्या देशाच्या रक्षणाचा काही भार काही खेड्यांच्या उशाशी ठेवलेला असतो, ही गोष्ट येथेही लागू आहे. त्या आगीत ज्या जवानांनी प्राण दिले त्यांचा तो त्याग. आणि ज्या खेडुतांच्या उशाशी ते भांडार आहे, त्यांचे ते सोसणे. दोन्ही गोष्टी आदरणीय आहेत, पण त्या एक नव्हेत. त्यांस एकाच शब्दात गुंडाळल्याने जवानाचा त्याग स्वस्त होतो, व खेडुताचे सोसणे दिसेनासे होते.

ह्यावरून मध्यम स्थितीतील सुशिक्षित कुटुंबांनी काय करावयाचे, असा प्रश्न उरतो. तळ कोठे बांधावा हे आपणांस कोणी विचारीत नाही. परंतु शब्द कोणता वापरावा हे आपल्या हाती आहे, आणि शब्द हे क्षुल्लक साधन नव्हे. देणाऱ्याविषयी आपण कृतज्ञ असतो. ज्याच्यापासून घेतले त्याचे आपण ऋणी असतो. कृतज्ञता भाषणाने, हाराने, नामफलकाने भागते. ऋण त्याने भागत नाही. ते फेडावे लागते, आणि फिटेपर्यंत वहीत लिहिलेले ठेवावे लागते. आपल्या घरांत मुलांस पाण्याचा नळ सोडताना धरणाचे नाव सांगण्यात येते. त्याबरोबर, ह्या पाण्याखाली कोणाची शेते आहेत आणि त्यांचे काय झाले, हेही सांगण्यात यावे. शाळेच्या भूगोलात निकोबारचे तळ शिकविताना तेथे कोण राहात होते हेही शिकविण्यात यावे. धरणग्रस्त रस्त्यावर बसले म्हणजे 'पुन्हा पैसे मागावयास आले' असे म्हणण्यापूर्वी, आपण त्यांच्या पाण्याचा दर महिन्यास किती उपभोग घेतो हे आठवावे. एवढ्याने कोणाची जमीन परत येणार नाही. परंतु जे लोक ऋण आहे हे मान्य करतात, त्यांच्याच मतांवर निवडून येणारे सरकार कधी तरी ते फेडावयास लागते. जे लोक त्यास त्याग म्हणून मोकळे होतात, त्यांच्या सरकारास तशी निकड भासण्याचे कारणच उरत नाही.

सीमा राखल्याच पाहिजेत. समुद्रही राखला पाहिजे. पण राखणाऱ्या राष्ट्राने आपल्या सर्वांत लहान, सर्वांत दूरच्या आणि सर्वांत अबोल माणसांचे किती घेतले ह्याचा हिशेब स्वतःपुढे मांडण्याचे धैर्यही राखले पाहिजे. त्याग हा शब्द आपण आपल्या स्वतःसाठी जपून ठेवावा. दुसऱ्यासाठी तो वापरण्याचा मोह झाला, तर आधी त्यास विचारावे. आणि विचारणे झाले नसेल, तर निदान त्याचे देणे आपल्या नावावर आहे एवढे तरी स्पष्ट बोलावे.